भैरवीनं सुरू झालेली पार्टी

१९८२ साली मुंबईतल्या एका सेशन म्युझिशियननं दहा राग डिस्को बीटवर वाजवले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. अठ्ठावीस वर्षांनी परदेशातले लोक म्हणाले, अरे, हे तर अ‍ॅसिड हाऊस! तेव्हा जे भांडण जुंपलं, ते आजही मिटलेलं नाही.

"बंद कर गं ते! भैरवीचा नुसता खून पाडलाय."

शनिवारची संध्याकाळ. डोंबिवलीतलं आत्याचं घर. तिचा गाण्याचा क्लास नुकताच सुटलाय, हॉलमध्ये सतरंजी अजून तशीच आहे. लॅपटॉपला स्पीकर जोडून मी आणि माझा एक मित्र बसलोय. हा मित्र सोमवार ते शुक्रवार ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत कोड लिहितो आणि वीकेंडला डीजे असतो. पहिला ट्रॅक संपायच्या आत आत्या उठली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. मित्र मात्र डोळे मिटून मान डोलावत होता. "बॉस, हे १९८२चं आहे? शक्यच नाही!"

रेकॉर्ड एकच, खोली एकच. एक माणूस खूश आणि एक माणूस कांदा चिरायला गेलेला. हा अल्बम जगभर जिथे जिथे पोचला, तिथे थोड्याफार फरकानं हेच झालं.

अल्बमचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. कलाकार चरणजीत सिंग. रेकॉर्ड काढली एचएमव्हीनं.

आता एक कबुली देऊन टाकते. ही स्टोरी मी आमच्या एडिटरना विकली ती एका वाक्यावर : "सर, अ‍ॅसिड हाऊस शिकागोत नाही, मुंबईत जन्मलं." सरांचे डोळे चमकले. कव्हरवरची ओळ तिथल्या तिथे ठरली. तीन आठवडे मी ऐकलं, वाचलं, लोकांशी भांडले. आणि मग सरांना फोन केला, की ती ओळ चालणार नाही. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग प्रश्न आला, "मग स्टोरी काय आहे?"

ही आहे स्टोरी.

नावाशिवायचा माणूस

चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागचे वादक. गिटार, बेस, कीबोर्ड, जे लागेल ते वाजवणारे. तुम्ही त्यांना ऐकलेलं आहे, फक्त ते तुम्हाला माहीत नाही. १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधलं 'दम मारो दम' आठवा. त्यात मागे जो एक घुमणारा, धुरकट सूर सतत लागून राहतो, तो ट्रान्झिकॉर्डचा. म्हणजे विजेवर चालणारं अकॉर्डियन. ते वाजवलं होतं चरणजीत सिंग यांनी.

त्या काळात रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार आणि गायकाचं नाव यायचं. वादकांचं क्वचितच. ऑफिसात प्रेझेंटेशन तुम्ही बनवता आणि मीटिंगमध्ये दुसरंच कुणीतरी उभं राहून ते दाखवतं ना? तसंच काहीसं. फक्त इथे ते प्रेझेंटेशन पन्नास वर्षं सगळा देश गुणगुणतोय.

स्टुडिओची कामं, स्वतःचा ऑर्केस्ट्रा, सिनेमातल्या हिट गाण्यांच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्ड्स. गाडी व्यवस्थित चालली होती. आणि मग आला डिस्को.

१९८०मध्ये 'कुर्बानी' आला आणि बिद्दूचं संगीत, नाझिया हसनचा आवाज घराघरांत पोचला. पुढच्या वर्षी 'डिस्को दीवाने'. १९८२च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर'. सगळीकडे एकच ठोका. धप, धप, धप, धप. चरणजीत सिंग यांनी बऱ्याच वर्षांनी मुलाखतीत सांगितलं ते इतकंच : सिनेमात तेव्हा सगळीकडे डिस्को चालला होता, म्हटलं आपण काहीतरी वेगळं करू. राग घेऊ, तबला बाजूला ठेवू आणि खाली डिस्कोचा ठोका देऊ.

फंडा एवढाच. ना जगाला बदलायची भाषा, ना जाहीरनामा.

तीन यंत्रं आणि एक फ्लॉप डबा

त्यांच्याकडे तेव्हा रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती, तिन्ही ताजी कोरी. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ नावाचा एक छोटासा चंदेरी डबा.

गोष्टीचा खरा हीरो हा डबा आहे, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. घरी एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेस वाजवणारा मिळावा म्हणून रोलँडनं तो काढला. अडचण अशी, की त्याचा आवाज बेस गिटारसारखा अजिबात नव्हता. तो गुळण्या केल्यासारखा, चिखलात बुडबुडे फुटल्यासारखा आवाज काढायचा. त्यात सूर एकदा भरायचे आणि त्यांची लय वेगळी भरायची, म्हणजे डोक्याला ताप. लोकांनी घेतलाच नाही. १९८४पर्यंत उत्पादन बंद. जेमतेम दहा हजारांच्या आसपास नग बनले आणि ते सेकंडहँडच्या दुकानांत कवडीमोलानं पडून राहिले.

असाच एक नग शिकागोतल्या तीन पोरांच्या हाती लागला. त्यांच्या ग्रुपचं नाव फ्यूचर. डबा चालू ठेवून त्यांनी वरची बटणं वेडीवाकडी फिरवली आणि तो किंचाळायला लागला. त्यातून १९८७मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आला. अकरा मिनिटांहून मोठा, एकाच बेसलाइनवर फिरणारा. अ‍ॅसिड हाऊस हे नाव तिथून रूढ झालं. पुढे इंग्लंडमधली एक अख्खी पिढी त्यावर नाचली.

आता १९८२ची मुंबई. तोच डबा, तेच ड्रम मशीन, तोच ठोका. वर ज्युपिटरवर राग. पाच वर्षं आधी!

माझ्या डीजे मित्राला मी विचारलं, हे जमतं कसं? भैरवी आणि हा बुडबुड्यांचा आवाज एकत्र बसतात कसे? त्याच्याआधी उत्तर आलं स्वयंपाकघरातून.

"जमणारच. षड्ज सुटतोय कुठे?"

आत्यानं एका वाक्यात मेख सांगितली. पाश्चात्त्य पॉप गाण्यात दर दोन-चार मात्रांना कॉर्ड बदलते, गाणं खोल्या बदलत फिरतं. रागाचं तसं नाही. खाली तानपुरा एकच आधार धरून बसतो आणि वरचा सगळा खेळ त्या आधाराशी चालतो. अ‍ॅसिड हाऊसचंही हेच. एक बेसलाइन, एक आधारस्वर, तासन् तास तेच. वर बदलतो तो फक्त आवाजाचा रंग. आणि ३०३मध्ये 'स्लाइड' नावाची एक सोय आहे. तिच्यामुळे एक सूर तुटक न थांबता पुढच्या सुरावर घसरत जातो. आपल्याकडे घसरण्याच्या या कलेला मींड म्हणतात. डब्याची मींड ओबडधोबड आहे, मान्य. पण पियानोला तेवढीही येत नाही.

म्हणजे चरणजीत सिंग यांनी दोन विजोड गोष्टी जबरदस्तीनं चिकटवल्या नव्हत्या. त्या आतून जुळत होत्या आणि ते त्यांच्या कानाला कळलं होतं.

आत्याचं म्हणणं

पण थांबा. आत्याची तक्रार अजून संपलेली नाही, आणि ती उडवून लावण्यासारखीही नाही.

"तोडीचा गंधार अति कोमल असतो. तुझ्या त्या पेटाऱ्यात तो आहे का?" नाही. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे तुकडे. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिथे नाहीच. आलाप नाही, विस्तार नाही, पाच-पाच मिनिटांत राग आटोपलेला. "ही रागाची ओळखपत्रं झाली. राग नाही."

यावर मित्रानं हळूच कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे आत्याचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता. क्लास संपला तरी चालूच राहिलेला. "आत्या, हा पण ३०३चा चुलतभाऊच की!"

आत्या हसली नाही, पण चिडलीही नाही. हा वाद तिला नवा नव्हता. ज्या हार्मोनियमशिवाय आज आपल्याकडे भजन उभं राहत नाही, नाट्यसंगीत उभं राहत नाही, तिच्यावर आकाशवाणीनं १९४०मध्ये बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली. कारण? हेच. पट्ट्यांमध्ये श्रुती मावत नाहीत, मींड येत नाही. "माझ्या गुरूंच्या तरुणपणी पेटी रेडिओच्या दाराबाहेर होती," आत्या म्हणाली. "आता माझ्या घरात सगळ्यांत जुनी वस्तू तीच आहे."

मग तिनं एक अशी गोष्ट दाखवली, जी मला तीन आठवडे दिसलीच नव्हती. अल्बमच्या मागची यादी तिनं चष्मा लावून वाचली. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी.

"भैरवीनं सुरुवात? अगं, भैरवी झाली की मैफल संपते. लोक चपला शोधायला लागतात. आणि शेवटी बैरागी? तो तर सकाळचा."

मित्र म्हणाला, "मग बरोबर आहे ना. मालकंस मध्यरात्रीचा, त्याच्यापुढे सकाळ. पार्टी सकाळीच संपते."

खोटं आहे की काय?

१९८२मध्ये या रेकॉर्डवर वाद झालाच नाही. वाद व्हायलासुद्धा कुणीतरी ऐकावं लागतं. शास्त्रीयवाल्यांसाठी ती डिस्को होती, डिस्कोवाल्यांसाठी त्यात गाणंच नव्हतं. ना शब्द, ना हिरो, ना सिनेमा. रेकॉर्ड पडली आणि विस्मरणात गेली.

२००२मध्ये एडो बाउमन हा डच संग्राहक दिल्लीत जुन्या रेकॉर्ड्स धुंडाळत होता. त्याला ही सापडली. त्यानं ऐकली आणि चक्रावला. पुढे तो चरणजीत सिंग यांना मुंबईत घरी येऊन भेटला आणि २०१०मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवर त्यानं अल्बम पुन्हा काढला.

आणि मग जो काही धुरळा उडाला! एका गटानं जाहीर करून टाकलं, अ‍ॅसिड हाऊसचा खरा जनक मुंबईचा सरदारजी. दुसऱ्या गटाला हे पटेचना. त्यांना वाटलं ही थाप आहे. अ‍ॅफेक्स ट्विन, म्हणजे इंग्लंडचा खोडकर इलेक्ट्रॉनिक संगीतकार रिचर्ड डी. जेम्स, त्यानंच हे घरी बसून बनवलंय आणि जुनं कव्हर लावून लोकांना गंडवतोय, अशी वदंता पसरली. विचार करा. भारतात एका माणसानं यंत्रं आणली आणि डोकं लावून वाजवली, यापेक्षा एका इंग्रजानं खोटा भारतीय उभा केला, हे लोकांना जास्त शक्य वाटलं.

तिसऱ्या गटाचे मुद्दे मात्र मला खोडता आले नाहीत. एक, शिकागोच्या त्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती याचा कुठलाही पुरावा नाही. वंशावळच जुळत नसेल तर जनक कसला? दोन, ३०३ वापरणारे सुरुवातीच्या काळात इतरही होते. स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूस बँडच्या १९८३च्या 'रिप इट अप'मध्ये तो आहे, इटलीच्या अलेक्झांडर रोबोटनिकनंही त्याच वर्षी वापरला. तीन, यंत्राच्या एकसुरी बेसलाइनवर नाचायला लावणं हे जॉर्जिओ मोरोडर आणि डोना समरनं १९७७मध्येच 'आय फील लव्ह'मध्ये करून दाखवलं होतं. चार, भारतातही इलेक्ट्रॉनिक संगीत १९८२ला आकाशातून पडलं नाही. अहमदाबादच्या एनआयडीत १९६९मध्येच मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा होता आणि मुंबईच्या सिनेसंगीतात केरसी लॉर्ड यांच्यासारखे लोक सिंथेसायझर वाजवत होते.

झालं. माझी कव्हरवरची ओळ तिथेच निकालात निघाली.

पण याच शोधात एक शब्द मला फार खटकला. परदेशात या अल्बमबद्दल लिहिताना पुन्हा पुन्हा येणारा : 'चुकून'. चरणजीत सिंग यांनी अ‍ॅसिड हाऊस 'चुकून' शोधलं म्हणे. म्हणजे जनक म्हणून हार घालायचा आणि त्याच वाक्यात म्हणायचं, बिचाऱ्याला माहीत नव्हतं तो काय करतोय. अहो, ज्या डब्यात सूर भरताना भल्याभल्यांनी हात टेकले, त्यात त्यांनी दहा रागांचे सूर भरले. यंत्रं एकाच लयीत बांधली आणि वर बोटांनी राग वाजवला. हे चुकून होत नाही. चुकून फार तर ऑफिसच्या ग्रुपवर रिप्लाय ऑल होतो.

चार वेळा

मग राहतो तो प्रश्न. शिकागोचा ट्रॅक जग हलवतो आणि मुंबईची रेकॉर्ड कपाटात जाते, असं का? 'काळाच्या पुढे होती' हे उत्तर मला पूर्वी पुरायचं. आता पुरत नाही.

'अ‍ॅसिड ट्रॅक्स'चा एक प्रसिद्ध किस्सा आहे. फ्यूचरच्या पोरांनी त्याची टेप शिकागोच्या 'म्युझिक बॉक्स' क्लबमध्ये रॉन हार्डी या डीजेकडे दिली. त्यानं ती पहिल्यांदा वाजवली आणि डान्स फ्लोअर रिकामा झाला. लोक चक्क निघून गेले. हार्डीनं थोड्या वेळानं तीच टेप पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. त्याच रात्री चौथ्यांदा लावली, तेव्हा लोक वेडे झाले.

म्हणजे पहिल्यांदा तिथेही लोक कांदा चिरायलाच गेले होते! फरक एवढाच, की तिथे एक खोली होती, नाचायला आलेले लोक होते आणि लोक उठून गेले तरी पुन्हा लावणारा एक हट्टी माणूस होता. १९८२च्या मुंबईत डिस्को म्हणजे सिनेमाचा पडदा, नाहीतर पंचतारांकित हॉटेलातले मोजके फ्लोअर. तिथे 'राग तोडी' चार वेळा कोण लावणार? चरणजीत सिंग यांच्याकडे यंत्रं होती, कान होता, तयारी होती. रॉन हार्डी नव्हता.

तो मिळाला अठ्ठावीस वर्षांनी, डच पासपोर्ट घेऊन. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग त्याच मॉडेलची यंत्रं घेऊन युरोपात स्टेजवर उभे राहिले. समोर नातवंडांच्या वयाची पोरं भैरवीवर नाचली. जुलै २०१५मध्ये मुंबईत ते गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवलेल्या या माणसाच्या स्वतःच्या नावावर जगानं ओळखलेली एक रेकॉर्ड आहे. शेवटची काही वर्षं का होईना, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. 'पहिले' होते की नव्हते, हा वाद त्यापुढे मला छोटा वाटतो.

परवा पुन्हा आत्याकडे गेले होते. मधल्या काळात ही रेकॉर्ड तिच्या घरात आणखी दोनदा वाजली होती. दुसऱ्यांदा ती खोलीत थांबली. तिसऱ्यांदा तिनं मधुवंतीत एक चूक काढली, म्हणजे लक्ष देऊन ऐकली. या वेळी मी लॅपटॉप उघडायच्या आतच तिनं बजावलं.

"तुझी ती तोडी अजिबात नको हं. त्रास होतो मला."

बरं म्हटलं.

"ती कलावती लाव."

ऐकणार असाल तर...

• लोकलच्या गर्दीत, एका कानात इअरफोन घालून ऐकू नका. ३०३चा खालचा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर येतच नाही. चांगला हेडफोन किंवा मोठा स्पीकर हवा.

• सुरुवात भूपाळीनं करा. पाचच सूर आहेत आणि शाळेतल्या प्रार्थनेमुळे कानाला ओळखीचे आहेत.

• लगेच 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ऐका. साम्य किती आणि फरक किती, ते तुमचं तुम्ही ठरवा.

• घरात कुणी गाणं शिकलेलं असेल तर त्यांच्यासोबत ऐका. भांडण होईल. तेच तर हवंय.

• आवडली नाही? हरकत नाही. निदान चार वेळा लावून बघा.